ऊस आठ वर्षांचा, शब्द दोन वर्षांचा

मॉरिशसमध्ये उसाची एकदा लागण केली की सात-आठ वर्षं ते रान मोडत नाहीत. लागणीचा ऊस, मग त्याच्या खोडांवर पुन्हा फुटलेला खोडवा, मग त्याच्याही नंतरचा निडवा, आणि त्यापुढच्या ज्या पिकांना आपल्याकडे नावं द्यायची वेळच येत नाही, तीही तिथं तोडली जातात. आपला बागायतदार निडव्यालाच नाक मुरडेल. पण तिथल्या जमिनीची तऱ्हा निराळी. ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, खणाल तिथं काळा दगड. माणसांनी हातांनी वेचून रचलेले दगडांचे ढीग आजही उसाच्या मधोमध बुरुजासारखे उभे दिसतात. लागणीचा खर्च एवढा की तो सात-आठ हंगामांवर वाटला तरच परवडतो. त्यात चक्रीवादळं. १९६० साली 'कॅरोल' आलं तेव्हा घरं, झाडं, फळबागा गेल्या. ऊस मात्र आडवा होतो आणि उरलेल्या मुळांवर पुन्हा उठतो. ‘यांनी सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवली’ असा शेरा मारणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी त्या वाऱ्यात दुसरं कोणतं पीक उभं राहतं तेही सांगावं.

ही शेतीची गोष्ट आधी सांगितली, कारण ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यातल्या मालाच्या व्यापाराबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या सात-आठ वर्षांपाशीच येऊन अडतं.

या दोन देशांची नावं एकत्र घेतली की हल्ली हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा विषय निघतो. २२ मे २०२५ ला त्या बेटांच्या मालकीचा करार झाला आणि त्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. साखरेवर कोण लिहिणार? साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीचा देश, क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहून जरासं मोठं. ब्रिटनच्या आयातीच्या तक्त्यात मॉरिशसची ओळ शोधायला चष्मा लावावा लागतो. पण आयात किती, निर्यात किती, शिल्लक कोणाच्या पदरात, या आकड्यांवरून अशा जोडीचा व्यापार कळत नाही. भाव कोण ठरवतो, आणि तो फिरवायचा झाला तर दुसऱ्याला किती आधी सांगतो, हे पाहावं लागतं. माझं म्हणणं असं, की मॉरिशसला ब्रिटनकडून कायमची मेहेरबानी नको आहे. त्याला पुरेशा मुदतीचा शब्द हवा आहे, आणि तो देणं ब्रिटनवर बंधनकारक असायला हवं.

बंधनकारक का, हे कळायला थोडं मागे जाऊ. बेटावर ऊस आणला डचांनी, १६३९ मध्ये. पुढे फ्रेंच आले. त्यांच्या काळात हे मुख्यतः जहाजांचं आणि व्यापाराचं ठाणं होतं. कॉफी, कापूस, नीळ, लवंग, ऊस असं सगळंच थोडं थोडं पिकायचं. १८१० मध्ये ब्रिटिश आरमाराने बेट घेतलं. गंमत अशी की त्याच युद्धातल्या नाकेबंदीमुळे फ्रान्सला वसाहतींची साखर मिळेनाशी झाली, म्हणून १८११ मध्ये नेपोलियनने शेतकऱ्यांना साखरेसाठी बीट लावायचा हुकूम काढला. ज्या नाकेबंदीने बेट फ्रेंचांकडून गेलं तिनेच या बेटाच्या उसाला पुढची दोनशे वर्षं छळणारा भाऊबंद जन्माला घातला.

खरा फिरवणारा दिवस मात्र रणांगणावरचा नाही, जकातीच्या वहीतला आहे. १८२५ मध्ये ब्रिटिश संसदेने मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली. तोवर ती चढी होती. एवढा एक आकडा बदलला आणि बेटावरचे मळेवाले बाकी सगळं उपटून उसाच्या मागे लागले. तीसेक वर्षांत उत्पादन लाख टनांच्या घरात गेलं. म्हणजे एका पिकावर जगायची सवय या बेटाने आपणहून लावून घेतली नाही. लंडनमधल्या कायद्याने ती लावली.

आणि एवढा ऊस तोडायला माणसं? १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा ब्रिटिश सरकारने भरपाई दिली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून अधिक. गुलामांना काही नाही. मजूर हिंदुस्थानातून आणायची सोय त्याआधीच लागली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन राजधानी पोर्ट लुईला लागलं. पुढच्या आठ-नऊ दशकांत तिथं साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली. बहुतेक बिहारची, तमिळ आणि तेलुगू मुलखांतली. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची कोकणी माणसंही होती. दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून दलालांनी गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारपत्रावर, अंगठे घेतले, अशी तिथल्या घराघरांत आठवण आहे. दगड उलटले, आणि ते ढीग आपण वर पाहिलेच. आजही तिथं मराठी बोलणारा, शिकवणारा समाज आहे, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. मराठी वाचकाने हा विषय आपला का मानावा, याचं उत्तर एवढ्यात आलं. लंडनला जकात उतरली आणि कोकणातल्या वाडीतून माणूस उठून गेला.

१९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा होता. त्याआधी सात वर्षं जेम्स मीड हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ बेटाची पाहणी करून गेले होते. दाट लोकवस्ती, एक पीक, वेगवेगळ्या वंशांची माणसं. इथं शांततेने भरभराट होईल अशी आशा दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे मीडना नोबेल मिळालं आणि मॉरिशसने त्यांचं भाकीत खोटं ठरवलं. दोन्ही बरोबरच झालं म्हणायचं.

भाकीत खोटं ठरण्यामागे एका कराराचा मोठा हात होता. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेला. तोवर राष्ट्रकुल देशांशी असलेला त्याचा साखरेचा करार संपत आला होता. नेमक्या त्याच वेळी, १९७४ मध्ये, जगाच्या बाजारात साखरेचे भाव आभाळाला टेकले होते. पोर्ट लुईत अनेकांना वाटलं, आता कसला करार, खुल्या बाजारात विकू. सरकारने तसं केलं नाही. २८ फेब्रुवारी १९७५ ला युरोपीय समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकमधले देश यांच्यात लोमे करार झाला, त्याला जोडून साखरेचा स्वतंत्र मसुदा, म्हणजे जोडकरार, झाला, आणि मॉरिशसने त्यात सर्वांत मोठा वाटा पदरात पाडून घेतला: दरवर्षी पांढऱ्या साखरेच्या हिशेबात ४,८७,२०० टन, युरोपच्या आतल्या भावाला. दोन-तीन वर्षांतच जागतिक भाव कोसळले आणि हा भाव कित्येक वर्षं बाजाराच्या दुप्पट-तिप्पट पडत राहिला. ही कच्ची साखर जायची मुख्यतः लंडनला, थेम्स काठच्या रिफायनरीत. तिथल्या कारखान्यालाही बारमाही कच्चा माल हवा होता, हे विसरायला नको. दानधर्म कोणीच करत नव्हतं.

त्या जादा पैशाचं काय झालं? अरविंद सुब्रमणियन, जे पुढे आपल्या सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले, यांनी देवेश रॉय यांच्याबरोबर २००१ मध्ये हिशेब मांडला होता: साखरेच्या या चढ्या भावातून मॉरिशसला दरवर्षी सरासरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त रक्कम मिळत होती. यातला मोठा भाग फ्रेंच वंशाच्या मळेवाल्या घराण्यांकडे गेला, हे खरं आहे आणि ते झाकून ठेवू नये. पण सरकारने १९९४ पर्यंत साखरेवर निर्यातकर घेतला, आणि तो मोठ्यांवर जास्त पडायचा. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. मळेवाल्यांनीही पैसा परदेशी नेऊन पुरला नाही. १९७० मध्ये निर्यातीसाठी कारखान्यांना खास सवलती देणारा कायदा झाला होता, तिथं कपड्यांचे कारखाने निघाले, किनाऱ्यावर हॉटेलं निघाली. साखरेचं भांडवल सुताकडे वळलं.

हमीभावामुळे माणूस आळशी होतो, हा सिद्धान्त मी अनेकदा ऐकला आहे, आपल्या एफआरपीबद्दलही, म्हणजे केंद्र सरकार ठरवतं त्या उसाच्या किमान भावाबद्दलही, ऐकतो. मॉरिशसच्या बाबतीत तो लागू पडत नाही. पण घाईने उलट निष्कर्षही काढू नका. याच मसुद्याचा लाभ घेणाऱ्या त्रिनिदादने २००३ मध्ये आपली सरकारी साखर कंपनी मोडीत काढली, सेंट किट्सने २००५ मध्ये साखर धंदाच बंद केला, गयानाने २०१७ मध्ये मळ्यामागून मळे बंद केले. भाव सारखाच मिळाला, निभाव सारखा लागला नाही. हमी मिळाली म्हणून देश उभा राहत नाही. ती मिळत असताना घरात काय केलं, हा प्रश्न उरतोच.

आता शेवटाकडे. त्या मसुद्यात शब्द होते 'अनिश्चित मुदतीसाठी'. मॉरिशसने त्याचा अर्थ 'कायम' असा घेतला. कागदावर मात्र दोन वर्षांची नोटीस देऊन बाहेर पडायची सोयही होती. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, एप्रिल २००५ मध्ये अपिलातही निकाल युरोपच्या विरुद्ध गेला. नोव्हेंबर २००५ मध्ये युरोपच्या शेतीमंत्र्यांनी साखरेचा भाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं. कच्च्या साखरेचा टनाचा भाव ५२३.७ युरोवरून ३३५.२ युरोवर. त्या सहामाहीत युरोपीय संघाचं अध्यक्षपद कोणाकडे होतं? ब्रिटनकडे. मग सप्टेंबर २००७ मध्ये मसुदाच रद्द करत असल्याची नोटीस निघाली, आणि १ ऑक्टोबर २००९ ला ‘अनिश्चित मुदत’ संपली.

मला खटकतो तो पुढचा भाग. युरोपच्या बीट शेतकऱ्यांचा भाव पडला तेव्हा त्यांच्या नुकसानीपैकी सरासरी ६४ टक्के रक्कम थेट त्यांच्या खात्यावर भरून द्यायचं ठरलं. बाहेरच्या ऊसवाल्या देशांसाठी मदतनिधी होता, पण तो प्रकल्प अहवाल, अटी, टप्पे अशा वाटेने जाणारा. बीट तर दरवर्षी पेरायचं पीक आहे. भाव पडला तर पुढच्या हंगामात गहू पेरता येतो. ज्याला बदलणं सोपं त्याला रोख भरपाई, आणि ज्याच्या रानात आठ वर्षांचा ऊस उभा त्याला दोन वर्षांची नोटीस.

मॉरिशसने मग जे केलं ते जिद्दीचं होतं, आणि महागही. एकेकाळी, १८५८ मध्ये, बेटावर २५९ कारखाने होते, आज तीन उरलेत. हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली गेली, रोख रकमेसोबत घर बांधायला जमिनीचा तुकडाही. आपल्याकडच्या बंद गिरण्यांच्या कामगारांनी हे वाचलं तर हसावं की रडावं त्यांना कळणार नाही. कच्ची साखर ब्रिटनला पाठवायचं सोडून बेटावरच शुद्ध पांढरी साखर बनवायला सुरुवात झाली, तीही जर्मन कंपनीशी करार करून युरोपच्या बाजारासाठी. चिपाडावर वीज निघते, गेली काही वर्षं बेटाच्या विजेत तिचा वाटा दहा-पंधरा टक्के राहिला आहे. ब्रिटनला आता मुख्यतः जाते ती डेमेरारा, मस्कोवाडो अशा नावांची, मळीचा रंग आणि वास राखलेली खास साखर, जी तिथले लोक कॉफीत आणि केकमध्ये घालतात. कमी वजन, जास्त दाम. शहाणपणाचा पालट होता तो.

पण छोटा शेतकरी या पालटात मागे राहिला. २०१७ मध्ये युरोपने बीट उत्पादनावरची मर्यादा उठवली, साखरेचा पूर आला आणि २०१८ च्या पिकाला मॉरिशसच्या शेतकऱ्याला साखरेच्या टनामागे नऊ हजार मॉरिशस रुपयांच्या आसपासच हाती आले. तोडणीचा खर्चही त्यात धड निघत नव्हता. पुढे भाव चांगलेच वर गेले, पण तोवर अनेकांनी रान पडीक टाकलं होतं. या शतकाच्या सुरुवातीला जेवढे छोटे ऊसउत्पादक होते त्यांच्या निम्मेही आज नाहीत. आता यातल्या सगळ्यांसाठी गळा काढायचा का? मला तसं वाटत नाही. ज्याच्या पणजोबाने गिरमिटावर दगड वेचले त्याची नात बँकेत बसते आणि तिला उसात जायचं नाही, ही शोकांतिका नव्हे. तिच्या बापाला वेळेत कळलं असतं तर त्याने शेवटची लागण केलीच नसती, एवढंच दुःख.

ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघाच्या बाहेर पडला, आणि २०२१ पासून स्वतःच्या जकातीचा मालक. मॉरिशसशी करार आहे. ३१ जानेवारी २०१९ ला लंडनमध्ये त्यावर सह्या झाल्या. मॉरिशसचा माल ब्रिटनमध्ये बिनजकात जातो. मग तक्रार कसली? तक्रार मागच्या दाराची. १ जानेवारी २०२१ लाच ब्रिटनने कोणत्याही देशातून २,६०,००० टन कच्ची साखर बिनजकात आणायची मुभा दिली. एरवी तिच्यावर टनाला २८० पौंड जकात पडते. ही मुभा सुरुवातीला बारा महिन्यांसाठी होती, मग चालूच राहिली. मॉरिशसच्या करारातला एक शब्दही बदलला नाही, पण त्याची किंमत उतरली. सवलत तेव्हाच सवलत असते जेव्हा शेजारच्याला जकात भरावी लागते. या मुभेचा मोठा चटका बसतो तो बेलीझ, फिजी अशा अजून कच्चीच साखर पाठवणाऱ्यांना, मॉरिशसला त्या मानाने कमी, हे मान्य करतो. पण पद्धत पाहा. कोणाशी भांडण नाही, नोटीस नाही, एक कोटा उघडला आणि झालं.

इथं आपणही स्वच्छ नाही. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. आपल्या कपड्यांवर ब्रिटनमध्ये जी बारा टक्क्यांपर्यंत जकात होती ती जायची आहे. तिरुपूरला, इचलकरंजीला आनंद झाला, व्हायलाच हवा. पण याच जकातीच्या आडोशाला मॉरिशसचे कपड्यांचे कारखाने ब्रिटनला माल विकत आले आहेत. साखरेतून सुताकडे जा, असा सल्ला ज्यांना दिला त्यांच्या सुताखालचा पाटही सरकला. साखरेतही आपण एकदा मुबलक निर्यात करतो आणि पाऊस लांबला की निर्यातच बंद करतो. २०२१-२२ मध्ये विक्रमी साखर बाहेर गेली, २०२३ च्या पावसाने दगा दिला आणि दार लागलं. त्या हेलकाव्यात छोट्या बेटांचा भाव वरखाली होतो. आणि युरोपला कोर्टात खेचणाऱ्यांपैकी ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया यांनी, सोबत ग्वाटेमालाला घेऊन, २०१९ मध्ये भारतालाही त्याच संघटनेत उभं केलं, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला. आपण अपील करून मोकळे झालो, कारण अपील ऐकायला तिथं न्यायाधीशच नाहीत. मोठ्या देशाला ही पळवाट असते. पोर्ट लुईला नसते.

याला एक जोरकस उत्तर आहे, आणि ते टाळून चालणार नाही. मॉरिशस गरीब देश नाही. जागतिक बँकेने २०२० मध्ये त्याला काही काळ उच्च उत्पन्नाच्या यादीतही बसवलं होतं. तिथले कारखाने बांगलादेशातून कामगार आणतात. मग ब्राझीलमधल्या ऊसतोड्याला, बीडच्या तोडकऱ्याला मागे ठेवून याच बेटाला झुकतं माप का? बिनतोड प्रश्न आहे. माझं उत्तर एवढंच की झुकतं माप कायम ठेवा असं मी म्हणतच नाही. काढा. पण ज्या संसदेने एका जकातीने ते पीक तिथं रुजवलं, तिने ते उपटताना पिकाचं वय तरी विचारावं. आणि बिनजकात ब्राझिली साखरेचा नफा ब्राझीलच्या तोडकऱ्याच्या हातात जातो, असं ज्याला वाटतं त्याने रिफायनरीच्या ताळेबंदाकडे एकदा नजर टाकावी.

करारात काय घालता येईल? एक साधं कलम पुरे. तिसऱ्याला बिनजकात कोटा द्यायचा किंवा तिसऱ्याशी नवा करार करायचा, आणि त्यामुळे या देशाच्या मुख्य मालाची सवलत पातळ होणार, तर आधी त्याच्याशी बोलायचं. बदल अमलात आणायची मुदत पिकाच्या किंवा यंत्राच्या आयुष्याशी बांधायची: उसाला आठ वर्षं, मागाला त्याचा घसारा निघेपर्यंत. ब्रिटनला याचा खर्च नगण्य आहे, साडेबारा लाखांच्या देशाची साखर आणि शर्ट किती असणार. आणि मॉरिशसनेही ती वर्षं छोट्या शेतकऱ्याला भाव देण्यात घालवावीत, कारखानदारांच्या जमिनींवर बंगल्यांच्या वसाहती उठवण्यात नव्हे. त्या वसाहती आताच पुष्कळ झाल्या आहेत.

यंदा मॉरिशसच्या पूर्वेकडच्या फ्लाक जिल्ह्यात कोणीतरी दगड वेचून लागण केली असेल. तो ऊस शेवटचा तुटेल तेव्हा २०३३ उजाडलं असेल. तोवर ब्रिटनच्या कोट्याचे किती आढावे होऊन गेले असतील कुणास ठाऊक, त्याला त्यातल्या एकाचीही तारीख आज कोणी सांगू शकत नाही.